शेवटचा फर्मा

शनिवार, ९ मार्च २०२४. आकाश निरभ्र, ऊन छत्तीसच्या पुढे, वारा नाही. वालचंदनगरात मळीचा वास दिवसभर खाली बसून होता.

माझ्या बायकोची, झुंबरची औषधं आणायला बारामतीला गेलो. येताना रद्दीवाल्याकडे सातवी कादंबरी मिळाली. एका जुन्या रहस्यकथाकाराची ही सुरुवातीची सात पुस्तकं. त्यातली सहा मी झुंबरला तिच्या अंथरुणाशी बसून वाचून दाखवली होती. पुढे लेखकाचं नाव झालं तसा त्याचा इन्स्पेक्टर चुकेनासा झाला. या पुस्तकांत मात्र तो चुकतो, भलत्यालाच धरतो, मग घरी येऊन जेवत नाही. झुंबरला हाच जास्त आवडायचा.

डॉक्टरांनी तिला तपासून "आता घरी न्या" एवढंच सांगितलं होतं. घरी आल्यावर ती म्हणाली, "सातव्या पुस्तकातला खुनी कळल्याबिगर मी जात न्हाय, बघा."

ती चेष्टेत बोलली. मी ते धरून बसलो.

मंगळवारी पृष्ठ १७६ ला थांबलो. पुढचा सोळा पृष्ठांचा फर्मा छापखान्यात कापायचाच राहिला होता. कागद वरच्या कडेला जोडलेले. म्हणजे हा शेवट या पुस्तकातून आजवर कुणीच वाचलेला नव्हता.

"पुढची पानं फाटलीत," मी म्हणालो.

"खोटं बोलताना तुमचा आवाज बारीक हुतो." ती हसली. "त्यो कंपाउंडरच खुनी हाय. वाचा की हो."

मी वाचलं नाही.

बुधवारी पुस्तक पिशवीत घालून कामावर नेलं. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून. दुपारी शेजारच्या द्वारकाबाई झुंबरकडे येऊन-जाऊन असतात. पाचला घरी आलो तर झुंबरचा चेहरा उजळलेला.

"मधीच कामावरनं आलात, बरं केलं. कंपाउंडर सुटला की!"

"कुणी सांगितलं?"

"आता काय म्हणावं! तुमीच वाचलं न्हवं, हितं खुर्चीत बसून? विहिरीत बॅग घावली तितपतूर. राहिलेलं उद्या म्हणालात."

मी स्वयंपाकघरात जाऊन ब्लेडने अर्धा फर्मा उघडला. पृष्ठ १८४. विहिरीतून बॅग वर येत होती.

गुरुवारी रजा टाकली. खुर्ची बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. दार लावलं, खिडकी लावली, पुस्तक मांडीखाली घेऊन पलंगावर बसलो. खोलीत औषधाचा आणि बंद हवेचा वास.

दोनच्या सुमाराला झुंबरने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं नाही. खुर्चीच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, "हं... वाचा."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. ती मात्र ऐकत होती. मधेच भुवया उंचावत होती, मधेच "अगं बया..." असं पुटपुटत होती. मला दुसरं काही सुचेना. पहिली कादंबरी उचलली आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागलो.

"गप बसा हो..." ती म्हणाली. "ऐकू द्या... शेवट आलाय."

मी आणखी मोठ्याने वाचलं. घसा बसेपर्यंत वाचलं.

"बहीण..." ती म्हणाली. "सख्खी बहीण..." आणि तिची मान कलली.

दार वाजलं. उघडलं तर द्वारकाबाई.

"भावजी, दोन-दोन पुस्तकं एकदम कशी वाचताय? बाहेर ऐकतीय मघाधरनं. दोन्ही आवाज तुमचंच..."

त्यांनी खोलीकडे कान दिला, मग माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघितलं.

"एक थांबला," त्या हळूच म्हणाल्या. "मग आत ह्यो..."

झुंबर दोन वाजून बावन्न मिनिटांनी गेली. द्वारकाबाईंना दुसरा आवाज तीन वाजून पाच मिनिटांपर्यंत ऐकू येत होता.