बासष्ट किलोंची खोली

तासगावच्या हवालदार मानसिंगाचा जगात दोनच गोष्टींवर भरवसा होता: पाना आणि काटा. फौजेच्या वर्कशॉपात वीस वर्षं गाड्या खोलून जोडल्यावर माणसाचं असंच होतं. चौऱ्याहत्तर सालच्या माघात तो बायकोसाठी चाकांवरची खोली बांधायला निघाला, तेव्हा त्यानं आधी शेडच्या भिंतीवर खडूनं वजनं लिहिली. नळ्यांचा सांगाडा अठरा. स्कूटरची चाकं, आस आणि स्प्रिंगचे पाटे सोळा. वेताच्या भिंती नऊ, प्लायची जमीन अकरा, ताडपत्रीचं छप्पर पाच, कॅनव्हासची खाट तीन. एकूण बासष्ट किलो.

प्रश्न जिवाचा होता. हरणाबाईला दम्याचा त्रास. बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी सुरू झाली की ती उशाला टेकून रात्री काढायची. सांगलीच्या विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी या खेपेला स्पष्टच सांगितलं होतं, "ह्या वर्षीची धुरी यांना सोसायची नाही. डोंगरात न्या, मेढ्याकडं." एसटीच्या गर्दीत तिला घेरी यायची आणि मेढ्याकडं ओळखीचं घर नव्हतं. म्हणून निजून जायची आणि जाऊन राहायची अशी खोली. ओढणार मानसिंगाची जुनी मोटारसायकल. चढाला ती एकशेपाच किलो ओढायची, वर छटाक नाही. हरणाबाई एक्केचाळीस. उरले दोन. फौजेतल्या माणसाचा संसार दोन किलोंत बसतो, असं मानसिंगाचं म्हणणं.

शनिवारी भर दुपारी खोली उभी राहिली. मानसिंग तिच्याखाली उताणा पडून शेवटचा नट आवळत होता. एवढ्यात वहाणा करकरत आल्या आणि शेजारी थांबल्या. आल्या माणसाला आपण जे म्हणतो, तेच तो दातांतला वायसर न काढता म्हणाला, "या, बसा की."

वर खाट कुरकुरली.

शेजारचा नाथाजी असणार. मानसिंगानं खालूनच द्राक्षांचा विषय काढला, वेलींवरच्या भुरीचा काढला, नळाच्या पाण्याचा काढला. वरून अधूनमधून "हूं" येत राहिलं. नट आवळून तो बाहेर आला, तर कुणी नाही. खाटेच्या कॅनव्हासला मधोमध खळगा पडला होता. त्यानं कापड ताणून सारखं केलं. ते हळूच परत खाली गेलं.

सुताची वीण सैल, असं ठरवून तो खोली तोलायला ढकलत हंबीररावाकडं गेला. हंबीरराव बेदाण्याचा व्यापारी, त्याच्याकडं पोती तोलायचा मोठा काटा होता. काटा एकशेतीसवर थांबला.

"हंबीरराव, काटा बिघडलाय तुमचा."

"मी रोज उभा ऱ्हातो त्यावर, गड्या. वाढतोय त्यो मी, काटा न्हाई."

मानसिंगानं तिथंच खोली खोलली. एकेक नग तोलला. बासष्ट. जोडली. एकशेतीस. पुन्हा खोलली, पुन्हा जोडली. तिसऱ्या खेपेला हंबीररावानं आकड्याकडं बघितलं, मग खोलीकडं पाठ केली आणि उगाच दुकानाची किल्ली शोधू लागला.

चार दिवस असेच गेले. शेडांपुढं गंधकाची पोती उतरली. मानसिंगानं भिंती काढल्या, छप्पर काढलं, शेवटी खाटही काढली. खाट निघाली तेव्हा खालच्या प्लायला बाक आला. पंचेचाळीस भरायची, तिथं हंबीररावाच्या काट्यावर एकशेतेरा भरली.

खोली ढकलत घरी आणली, तर हरणाबाई दाराला धरून उभी होती. "आवं, लोखंडाला काय इचारतासा? जोडली त्या दिवशी कुणाला बसा म्हणालासा?"

"नाथाजीला."

"नाथाजी म्हैनाभर झालं लेकीकडं कराडला हाय."

मानसिंगानं हातातला पाना खाली ठेवला.

"च्या दिलासा?"

"कुणाला?"

"बसवलासा त्याला!"

"न्हाई."

"मग उठंल कसा त्यो? बसा म्हणायचं नि च्या द्यायचा न्हाई. फौजंत हीच रीत व्हय तुमच्या?"

तिनं स्वतःच चहा केला, दोनदा भिंतीला टेकून. मानसिंगानं खाट परत जागेवर बसवली. हरणाबाईनं डोईवर पदर घेतला आणि कपबशी आत ठेवली.

"घ्या, पाव्हणं. साखर कमी असंल तर सांगा."

दोघं पाठ करून अंगणात बसली. ऊन चांगलं होतं. कोंबड्या चरत होत्या.

मागं बशीत चहा ओतल्याचा आवाज आला.

मग फुरका.

मग कपबशी खाली ठेवल्याचा खणका.

मग पाटे कुरकुरत वर आले, आणि वहाणा करकरत रस्त्याकडं निघाल्या. हरणाबाई सवयीनं उठली, दोन पावलं सोडायला गेली आणि म्हणाली, "या हं परत. येताना वहिनींना, पोरास्नी घेऊन या."

"अगं!"

"आता तोंडातनं गेलं, आवं."

हंबीररावाच्या काट्यावर खोली बासष्ट भरली. मानसिंग काट्याच्या फळीवरच बसला आणि उपरण्यात तोंड घालून पोरासारखा रडला. हंबीररावानं त्याच्या हातावर मूठभर बेदाणे ठेवले.

मेढ्याकडची चढण मोटारसायकलीनं गुणगुणत काढली. ओढ्याकाठी आंब्याखाली खोली लावली. तिसऱ्या दिवशी हरणाबाई आडवी होऊन झोपली. महिन्याभरात ओढ्यावरून घागर आणू लागली आणि नवऱ्याशी मोठ्यानं भांडू लागली. मानसिंगाला ते भांडण सनईसारखं गोड लागे.

वैशाख सरत आला, धुरी संपली. परतायच्या सकाळी हरणाबाईनं फुंकणी घेतली आणि एका दमात चूल पेटवली. मानसिंगानं ते डोळे भरून पाहिलं. मग हसत खोलीची दांडी उचलायला वाकला.

दांडी हलली नाही.

त्यानं आत डोकावलं. खाटेवर एक मोठा खळगा होता. त्याला लागून दुसरा. कडेला दोन बारके.

हरणाबाई मागून आली. तिनं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"दांडी सावकाश ठेवा. बारकं निजलंय."

सगळ्यात लहान खळगा हळूहळू वर-खाली होत होता.