नऊ नंबरची बेल

दुपारचे तीन वाजले होते.

नऊ नंबरच्या खाटेवरून बेल आली.

खाटेवर कोणी नव्हतं.

ही घटना नाशिकची आहे. नोव्हेंबर २००५. गंगापूर रोडवरच्या एका खासगी हॉस्पिटलच्या नव्या मजल्यावर ती घडली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण ते चालू आहे आणि तिथून रोज माणसं बरी होऊन घरी जातात. मी बातमीदार आहे. ज्याची खात्री झाली नाही, ते मी छापायला देत नाही. पुढचा सगळा मजकूर मी निदान दोघांकडून तपासून घेतला आहे.

शेवटचा भाग सोडून. तो माझ्या घरात घडला.

माझी धाकटी बहीण सुवर्णा एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. कॉलेज रोडला दुकानांच्या वरच्या मजल्यावर ऑफिस. प्रोग्रॅम लिहायचा ज्ञानेश, आणि त्यात चूक सापडते का ते बघायची सुवर्णा. आमच्या आईला हे काम कधी पटलं नाही. दुसऱ्याने केलेलं दिवसभर मोडत बसायचं आणि वर पगार घ्यायचा, असं ती शेजारणींना सांगायची. सुवर्णा हसून म्हणायची, "आज माझ्याकडून मोडलं ना, की उद्या पेशंटच्या वेळी मोडत नाही."

कंपनीला त्या हॉस्पिटलचं काम मिळालं होतं. प्रत्येक खाटेजवळ एक बटण. पेशंटने दाबलं की नर्सच्या काउंटरवर बेल वाजायची आणि स्क्रीनवर खाटेचा नंबर लुकलुकायचा. ज्ञानेश बघायचा, बटण दाबल्यावर बेल वाजते का. सुवर्णा बघायची, न दाबता वाजत नाही ना.

टेस्टिंगसाठी खोटे पेशंट लागतात. त्यांना भरती करायचं, खाट द्यायची, डिस्चार्ज द्यायचा. काहींना मृतही दाखवायचं. सुरुवातीला ज्ञानेशने आपल्या सासऱ्यांचं नाव टाकलं आणि त्यांना मृत दाखवलं. नेमकी त्याच वेळी बायको डबा घेऊन ऑफिसात आली. ती बरेच दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तेव्हापासून ऑफिसात एक रीत पडली. जिवंत माणसाचं नाव टाकायचं नाही. जे आधीच गेलेत, त्यांचीच नावं टाकायची. प्रत्येकाने आपापली माणसं आणली. कोणाचे आजोबा, कोणाची मावशी. ज्ञानेश म्हणायचा, आपल्या कंपनीत जिवंतांपेक्षा वरच्यांचाच स्टाफ जास्त आहे.

सुवर्णाने आत्याचं नाव टाकलं. लंकाबाई.

तिला खाट दिली नऊ नंबरची.

आत्या आमची दिंडोरीकडची. ती १९९६ साली एका दवाखान्यात वारली. तिथे बेल नव्हती. हाका मारून तिचा घसा बसला. मग ती हातातला चांदीचा गोठ खाटेच्या लोखंडी कठड्यावर वाजवत राहिली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने आम्हाला नंतर सांगितलं, "लय वेळ वाजवत व्हती. कोणी आलं नाय."

बेलच्या या कामात सुवर्णा इतकी जीव ओतत होती, ते यामुळे.

टेस्टिंग संपलं. खोटे पेशंट काढून टाकायचे होते. इतरांना रीतसर डिस्चार्ज देऊन झाला होता. आत्याचा राहिला होता. हॉस्पिटलची घाई चालली होती, म्हणून सुवर्णाने तिची एंट्री सरळ पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी ती आणि ज्ञानेश नव्या मजल्यावर शेवटची तपासणी करत होते. वॉर्ड रिकामा. गाद्यांवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. तीनच्या सुमारास लोडशेडिंग सुरू झालं. पंखे थांबले. काउंटरवरचा कॉम्प्युटर तेवढा बॅटरीवर चालू राहिला. बेलच्या वायरिंगला बॅटरी नव्हती. म्हणजे वीज येईपर्यंत कुठलीही बेल येणं शक्य नव्हतं.

आणि तेव्हाच...

बेल वाजली.

स्क्रीनवर नऊ लुकलुकत होता.

ज्ञानेश उठून वॉर्डात गेला. बटण भिंतीवर जागच्या जागी होतं. गादीवरचं प्लास्टिक सपाट होतं. परत येऊन तो म्हणाला, बग आहे, प्रोग्रॅममध्येच काहीतरी चूक.  पण सुवर्णाला वॉर्डातून आणखी एक आवाज आला होता. बारीक. धातूवर धातू.

टक... टक... टक.

ज्ञानेशने तो ऐकला नव्हता.

दोन दिवस त्यांनी वायरिंग तपासलं, प्रोग्रॅम तपासला. काही सापडलं नाही. दोन्ही दिवशी तीनला बेल आली. शेवटी ज्ञानेशने उपाय काढला. ज्या खाटेवर पेशंटची नोंद नाही, तिथून आलेली बेल कॉम्प्युटरने गिळून टाकायची. वाजवायची नाही, दाखवायची नाही.

"आणि पेशंट खाटेवर आहे, पण एंट्री व्हायची आहे, तेव्हा?" सुवर्णाने विचारलं.

"दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे, मॅडम."

"आत्याचाही तेवढाच होता."

तिने सही केली नाही. कंपनीचे मालक रंगनाथ सर वैतागले. उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. भूत असेल तर तेही पत्रिकेशिवाय आलंय, बसू द्या कोपऱ्यात, असं म्हणून त्यांनी तिच्या सहीशिवाय तो बदल चढवायला लावला.

उद्घाटन झालं. वॉर्ड भरू लागला. नऊ नंबर तेवढा रिकामा होता. आठ नंबरवर घोटीचे एक म्हातारे होते. दुपारी त्यांची सून चहा प्यायला खाली गेली.

तीन वाजले. काउंटरवर सिस्टर दीपमाला बसल्या होत्या. बेल आली नाही. स्क्रीन स्वच्छ होता.

सून वर आली तेव्हा म्हातारे गेले होते. त्यांचा हात बटणाच्या दिशेने लांबलेला होता. पोचला नव्हता.

सुवर्णा संध्याकाळी तिथे गेली. वॉर्डातली आया चांगुणा मावशी फरशी पुसत होती. सुवर्णाने तिला एवढंच विचारलं की दुपारी काही ऐकलं का.

"वाजत व्हतं ना ताई," मावशी म्हणाली. "लोखंडावर कोणी कडं आपटावं तसं. मला वाटलं, नळवाला आलाय."

सुवर्णाने आत्याबद्दल तिला काहीच सांगितलं नव्हतं.

नव्या मजल्यावरच्या खाटांचे कठडे मी स्वतः जाऊन पाहिले आहेत.

ते प्लास्टिकचे आहेत.

सुवर्णाने कोणाला न विचारता ज्ञानेशचा बदल काढून टाकला. रंगनाथ सरांना सांगितलं, हवं तर मला काढा, पण ही बेल गिळायची नाही. त्यांनी तिला काढलं नाही. घोटीच्या म्हाताऱ्यांची बातमी त्यांच्यापर्यंतही पोचली होती.

नऊ नंबर पुन्हा वाजू लागला. रोज नाही. अधूनमधून, दुपारी. खाट रिकामीच असायची. त्यावर पेशंट ठेवायला कोणी तयार नव्हतं. दीपमाला सिस्टरनी स्वतःच्या मनाने एक नियम केला. नऊची बेल आली की नऊला जायचं नाही. आधी आठ बघायचा, मग दहा.

एकदा आठ नंबरच्या बाईला बोलता येत नव्हतं, ओठ निळे पडले होते. एकदा दहा नंबरच्या मुलाच्या टाक्यांतून चादरभर रक्त गेलं होतं आणि तो गुंगीत होता. दोघंही वाचली.

बेल कधी खोटी आली नाही. हे मला सिस्टरनी सांगितलं, आणि वेगळं विचारल्यावर मावशीनेही.

पण माणसं घाबरली. नव्या पोरी त्या मजल्यावर ड्युटी घेईनात. नातेवाइकांपर्यंत कुजबुज गेली. आठ किंवा दहा नंबर मिळाला की लोक रडायला लागायचे. शेवटी हॉस्पिटलने ठरवलं, ही बेलच नको. सगळ्या मजल्यावरची काढून टाकू. पेशंटने हाक मारावी, नातेवाइकाने धावावं, जसं सगळीकडे चालतं.

म्हणजे परत तेच. घसा बसेपर्यंत हाका.

सुवर्णा रात्रभर विचार करत होती, असं तिच्या नवऱ्याने मला सांगितलं. सकाळी ती त्याला म्हणाली, "मी आत्याला डिस्चार्जच दिला नाही. नुसतं पुसलं."

त्याच दुपारी ती हॉस्पिटलमध्ये गेली. दीपमाला सिस्टर शेजारी बसल्या. सुवर्णाने आत्याला पुन्हा भरती केलं. लंकाबाई. खाट नऊ. मग डिस्चार्जची स्क्रीन उघडली आणि एकेक रकाना भरत गेली.

शेवटचा रकाना होता, पेशंटला घरी नेणाऱ्याचं नाव.

तो मोकळा सोडला तर प्रोग्रॅम पुढे जात नाही. कोणी पेशंटला एकटं सोडून देऊ नये, म्हणून ही अट सुवर्णानेच भांडून घालायला लावली होती.

"कोणाचंही टाक गं," सिस्टर म्हणाल्या. "खोटंच तर आहे सगळं."

"ज्याचं टाकेन, त्याच्या घरी जाईल ना ती."

 सुवर्णाने बराच वेळ हात कीबोर्डवर नुसता ठेवला होता. मग तिने स्वतःचं नाव टाइप केलं. नातं, भाची. आणि बटण दाबलं.

डिस्चार्ज झाला.

त्या दिवसापासून नऊ नंबर गप्प आहे. त्यावर आता पेशंट झोपतात. हॉस्पिटलने बेल काढली नाही. ती आजही चालू आहे आणि दाबली की वाजते. न दाबता वाजत नाही. ज्ञानेशने पेढे वाटले.

जानेवारीत, एका दुपारी, सुवर्णा इंदिरानगरच्या तिच्या घरी होती. सुट्टी होती. आतल्या खोलीत सासरे झोपले होते. वीज गेली. पंखा थांबला. घर एकदम शांत झालं.

आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलवर...

टक... टक... टक.

ती खिडकीकडे गेली नाही. सिस्टरचा नियम तिला पाठ होता. ती थेट आतल्या खोलीत धावली. सासरे घामाने भिजले होते आणि छातीवर हात दाबून बसले होते. वेळेत नेल्यामुळे ते वाचले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

तेव्हा मी सुवर्णाला म्हटलं की आत्या चांगलंच करतेय. ती म्हणाली, "दादा, ती वाईट करत नाहीच. ती फक्त सांगते."

ही गोष्ट इथे संपली असती, तर मी लिहिली नसती.

गेल्या सोमवारी दुपारी तिचा मला ऑफिसात फोन आला. आवाज शांत होता. फार शांत.

"वाजलं," ती म्हणाली.

मी विचारलं, सासरे कसे आहेत.

"ते कळवणला गेलेत, नणंदेकडे. हे कामावर आहेत." मग ती म्हणाली, "दादा, घरात मी एकटीच आहे."

मी रिक्षा करून गेलो आणि तिला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, हृदयाचा आलेख काढला. डॉक्टरांनी सगळं पाहिलं आणि विचारलं, हिला त्रास काय होतोय? तिला काहीच त्रास होत नव्हता. सगळे रिपोर्ट व्यवस्थित आले. मी स्वतः ते पुन्हा पुन्हा वाचले. एकही आकडा चुकीचा नव्हता.

तिला एकटं ठेवायचं नाही, म्हणून मी तिला माझ्या घरी आणलं. नवरा रात्री येतो. दिवसा मी रजा काढून बसलो आहे.

इथवर जे लिहिलं, ते मी इतरांकडून ऐकलं होतं. मी स्वतः तो आवाज कधी ऐकला नव्हता. मनातून मला वाटायचं, बाईमाणूस दमलंय, कामाचा ताण आहे, आत्याची आठवण आहे.

काल दुपारी आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसलो होतो. ती मटार सोलत होती. मी पेपर वाचत होतो. वीज गेली.

मग...

गॅलरीच्या कठड्यावर. लोखंडी आहे तो.

टक... टक... टक.

मी मान वर केली. सुवर्णा दचकली नव्हती. मटाराची शेंग हातात तशीच धरून ती गॅलरीकडे बघतही नव्हती.

ती माझ्याकडे बघत होती.

"दादा, तुला ऐकू आलं?"

मी हो म्हटलं.

तिने शेंग खाली ठेवली. "सोमवारी मी एकटी होते," ती हळू म्हणाली. "नऊची बेल नऊसाठी नसते. तेव्हाच तुझीही तपासणी करायला हवी होती. आपण फक्त माझी केली."

मी म्हटलं की सोमवारी मी त्या घरात नव्हतोच.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण आत्ता माझ्या शेजारी आहेस."

तिचे रिपोर्ट व्यवस्थित आहेत. आज सकाळी मी माझं रक्त देऊन आलो. छातीचा फोटोही काढला. मला कसलाही त्रास नाही.

माझे रिपोर्ट उद्या दुपारी मिळणार आहेत. तीननंतर या, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं आहे.