बुडबुड्यांचं कारंजं

"टाकीत निळा रंग टाकायचा," पंक्चर म्हणाला. "निळं पाणी जिथून बाहेर येईल, तिथे चोर!"

पंक्चरचे पुढचे दोन दात पडले होते, म्हणून हे नाव. त्याच्या डोक्यातल्या कल्पना मात्र कधी पडत नसत. त्याच्या मोठ्या बहिणीने, आपाने, त्याच्या हातातली रंगाची पुडी काढून घेतली. ती तिघांत मोठी होती आणि धर्माच्या वर्गात तिचं लक्ष असायचं, पंक्चरसारखं खिडकीबाहेर नाही. पाण्याचा रंग, चव किंवा वास बदलला, तर त्याने वुजू होत नाही, असं तिने ऐकवलं. चोर सापडेल, पण अख्खी मशीद निळी तोंडं घेऊन बसेल.

वुजू म्हणजे नमाजेआधी हात, तोंड, पाय धुणं. नमाज दिवसातून पाच वेळा, त्यामुळे मशिदीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी हवंच. पण सुट्टी लागल्यापासून दुपारच्या नमाजेला नळ कोरडे पडत होते आणि खापर फुटत होतं मामूवर.

मामू मशिदीची देखभाल करायचा, अंगणातल्या खोलीत राहायचा आणि आपा, पंक्चर व त्यांचा मावसभाऊ लंब्या सुट्टीत त्याच्याकडेच आले होते. मामू विसराळू होता, हे खरं. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधायचा. त्यामुळे पंप लावायला विसरलास असं कोणी म्हटलं, की बिचारा मान खाली घालून कबूलही करायचा.

म्हणणारे गृहस्थ मशिदीच्या कमिटीचे सेक्रेटरी होते. मुलांनी त्यांचं नाव बुडबुडे ठेवलं होतं, कारण फुगायचे मोठे आणि आत काही नाही. दर आठवड्याला हे उभे राहून पाण्यावर भाषण ठोकत. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूला पाणी वाया घालवू नका, ही शिकवण ते अशा थाटात सांगत, की नदी यांनीच खणली असावी. मशिदीमागे त्यांनी नुकतंच घर बांधलं होतं. अंगणात सिमेंटची एक बेढब सुरई होती आणि तिच्या तोंडातून उडणारं कारंजं खालच्या हौदात पडायचं. त्याची धार भिंतीवरून मशिदीत दिसायची. येणाऱ्याजाणाऱ्याने तिचं कौतुक केलं नाही, तर बुडबुडे स्वतःच विषय काढत.

काल त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, की उद्या दुपारी नळ कोरडे निघाले तर मामूने संध्याकाळच्या आत खोली रिकामी करायची. मामूने सकाळीच गाठोडं बांधायला घेतलं. तो कुठे जाणार, हे त्यालाही माहीत नव्हतं.

आज मात्र मामू पंप लावताना तिघं शेजारी उभे राहिले. टाकी भरून वाहिली, पंप बंद झाला. अंगणात कोणी नव्हतं, सगळे नळ घट्ट बंद होते. लंब्याने भिंतीवरच्या पाइपला कान लावला.

"आत खळखळतंय," तो म्हणाला.

तिघं लोखंडी शिडीने गच्चीवर चढले. टाकीला दोन पाइप होते. जुना नळांकडे जाणारा, तळापासून वीतभर वर, म्हणजे तळाचा गाळ नळात येत नाही. दुसरा नवाकोरा, थेट तळातून निघालेला, म्हणजे नळ आटले तरी वाहणारा, मागच्या भिंतीकडे गेलेला. त्याला भिंतीचाच रंग फासला होता. भाषण ठोकणाऱ्याला एवढी अक्कल होती तर! लंब्याने नव्या पाइपचा कॉक फिरवला. खाली सुरईची धार लुळी पडली. उलटा फिरवला, धार पुन्हा ऐटीत उभी.

पंक्चरला कॉक लगेच बंद करायचा होता. आपाने त्याला थांबवलं. आज बंद केला तर नळ चालतील, मामूचा आजचा दिवस निभेल आणि उद्या बुडबुडे पुन्हा तो उघडतील. सगळ्यांसमोर व्हायला हवं. लंब्याने गच्चीवर थांबायचं ठरलं.

दुपारी माणसं जमली. नळांनी सुस्कारा टाकला आणि थांबले. बुडबुड्यांचा चेहरा लग्नाला आल्यासारखा खुलला. मामूच्या निष्काळजीपणामुळे आता सगळ्यांना तयम्मुम करावं लागणार, असं ते म्हणाले. तयम्मुम म्हणजे पाणी नसेल तेव्हा स्वच्छ मातीला तळवे लावून चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवणं. मामू गाठोडं घेऊन खोलीच्या दारात उभा होता.

आपा पुढे आली. "इमामसाहेब, तयम्मुम कधी चालतं?"

"पाणी मिळत नसेल तेव्हा, बेटा."

"मग आज चालणार नाही. पाणी आहे." तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे धार मजेत उडत होती. "लंब्या, बंद कर!"

धार खाली बसली.

"उघड!"

धार वर आली. मग बुडबुडे बोलू लागले. कनेक्शन तात्पुरतं आहे, प्लंबरची चूक आहे, आपण विसरूनच गेलो होतो. विसरले म्हणे! दुसऱ्याच्या विसराळूपणावर त्याचं घर काढून घ्यायला निघालेला माणूस!

इमामसाहेबांनी बाह्या दुमडल्या. "पाणी आपलंच आहे. वुजू तिथेच करू या."

आणि नमाजेला जमलेली अख्खी जमात बुडबुड्यांच्या फाटकातून आत गेली. चकचकीत फरशीवर ओल्या पायांचे ठसे उमटले. नमाजेच्या रांगेत मालक आणि हमाल खांद्याला खांदा लावून उभे राहतात, तसेच ते इथेही हौदाभोवती बसले. बुडबुड्यांना जागा मिळाली ती सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा कोणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं.

नमाजेनंतर इमामसाहेबांनी सगळ्यांसमोर आपाच्या डोक्यावर हात ठेवला. आज तिने विचारलं नसतं तर आपण सगळे चुकलो असतो आणि एका माणसावर अन्यायही झाला असता, असं ते म्हणाले. लंब्या आणि पंक्चर यांचीही पाठ थोपटली गेली. नवा पाइप आजच तोडायचा आणि सेक्रेटरी बदलायचा, हे तिथेच ठरलं.

मामू मात्र अजून दारातच उभा होता.

"म्हणजे मी पंप रोज लावत होतो?" त्याने हळूच विचारलं.

"रोज, मामू," आपा म्हणाली. "तू एकदाही विसरला नाहीस."

मामूने डोळे पुसले, गाठोडं खाली ठेवलं आणि खोलीची किल्ली शोधू लागला. ती दारालाच लटकत होती.