भरपूर जागा आहे

सप्टेंबरातली गोष्ट. शाळा सुरू झाल्या की ओझार्कच्या डोंगरातली तळ्याकाठची कॅम्पग्राउंडं, म्हणजे तंबू नि ट्रेलर लावून राहायच्या जागा, ओस पडतात. आम्हाला गर्दी नको होती, म्हणून तेव्हाच निघालो. मी, माझा नवरा क्लेटन आणि तीन वर्षांचा वायट. पुढे पिकअप गाडी, मागे जोडलेलं आमचं चाकांवरचं घर, म्हणजे ट्रेलर.

पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पोहण्याच्या टाकीवर ताडपत्री ओढलेली. पोरांच्या उड्या मारायच्या मोठ्या गादीतली हवा काढलेली, ती सोललेल्या कातड्यासारखी जमिनीला चिकटून पडली होती. ऑफिसातली म्हातारी लोरेटा बॅटरीच्या छोट्या गाडीतून जागा दाखवायला पुढे आली. म्हणाली, ट्रेलर लावताना नवराबायको जेवढी भांडतात तेवढी कोर्टातही भांडत नाहीत, मी आपली लांबूनच बघते. आम्ही हसलो. ती गेली, आणि मग कसलाच आवाज उरला नाही. कुजक्या पानांचा आणि साचल्या पाण्याचा वास तेवढा येत राहिला.

ट्रेलर मागे घेताना क्लेटनला मागचं काही दिसत नाही. मी मागे उभी राहून वॉकीटॉकीवर सांगते, आणि तो माझ्या शब्दावर गाडी घेतो. वायट सीटवर रडत होता, म्हणून त्याला उतरवून लाकडी बाकावर बसवलं, हातात चिप्सची पुडी दिली. पोरगं झोपेत शिंकलं तरी मी उठून बसणारी बाई. तरी त्याच्याकडे पाठ केली, कारण डावीकडे झाड होतं, ट्रेलर त्याला घासू नये हे बघायचं होतं.

वळून बघते तर बाकावर नुसती पुडी.

वॉकीटॉकीवर "थांब" एवढं म्हटलं, ती बाकावर टाकली आणि तळ्याकडे धावले. दुसरं काय सुचणार? पाणी अगदी शांत होतं, काळं पडत चाललेलं. मी हाका मारत होते, तेवढ्यात मागे खडीवर चाकं फिरल्याचा आवाज आला. हळूहळू... मी सांगत असताना फिरतात ना, तशी.

परत कशी आले ते मला माहीत नाही. आमच्या जागेच्या मागच्या टोकाला विजेचा खांब होता, त्याला पाठ लावून वायट उभा होता, आणि ट्रेलर त्याच्या छातीपासून वीतभर. मी पत्र्यावर दोन्ही हातांनी धाडधाड मारलं. चाकं थांबली.

क्लेटन वैतागून उतरला. "आता काय झालं? तूच म्हणत होतीस ना, ये... अजून ये... भरपूर जागा आहे."

"मी तळ्यावर होते."

"चल! तुझा आवाज मला कळत नाही होय?" म्हणत तो हसायला गेला. मग त्याला बाकावरची वॉकीटॉकी दिसली. नंतर पोरगं दिसलं. तो तिथेच खडीवर बसला.

मी वायटला उराशी धरून विचारलं, बाळा, तिथे कशाला गेलास?

"आईनं बोलावलं," तो म्हणाला, आणि खांबामागच्या झाडीकडे बोट केलं.

आम्ही तिथे राहिलो नाही. जोडलेला ट्रेलर तसाच पुढे काढला. लोरेटाला काही सांगितलं नाही, सांगणार तरी काय? फाटक मागे पडलं. मग वळणावर वायट बाजूच्या काचेला तोंड लावून हुंदके देऊ लागला.

"आई राहिली... आई तिथेच राहिली..."

"अरे राजा, मी इथे आहे ना," म्हणत मी पुढच्या सीटवरून हात मागे केला.

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. मग चेहऱ्याकडे, बराच वेळ. आणि माझा हात लागू नये म्हणून हळूच पाय आखडून घेतले.