सुलेखाच्या दारातला संकासुर

शनिवार, ३ मार्च २००७. रात्रीचे साडेनऊ. अमेरिकेतल्या अल्फारेटा गावाबाहेरची घरांची एक सोसायटी. आत जाणाऱ्या रस्त्यावर फुटपाथ नाही, दिवा नाही.

माझ्या ओळखीतला गुरुनाथ, मूळचा गुहागरकडचा, पायी सुलेखावहिनींकडे निघाला होता. जानेवारीत याच रस्त्यावर त्यांच्या नवऱ्याला, पुरुषोत्तमला, कुणीतरी गाडीखाली घेतलं आणि पळ काढला. सोसायटीने हात झटकले. नवरा गेला तसा वहिनींचा व्हिसाही गेला. सोमवारी त्यांचं विमान होतं.

गुरुनाथ आणि पुरुषोत्तम, दोघांची वाडी एकच. तिथली रीत अशी, की शिमग्याला संकासुराचं सोंग दारात उभं राहिलं की घरातला दुखवटा उठतो. दार गाठेपर्यंत त्याने बोलायचं नाही, मुखवटा काढायचा नाही. म्हणून गुरुनाथच्या अंगात काळा झगा, डोक्यावर उंच टोपी, तोंडावर पांढऱ्या दाढीचा मुखवटा, हातात दोर.

घरून निघण्याआधी शेजारच्या यशने त्याला टोकलं होतं, "काका, अमेरिकेत? पोलीस बोलावतील ना यार!"

"बोलावू देत की, यश! वहिनींना दुखवट्यातच परत पाठवायचं?"

मध्येच सोसायटीच्या सिक्युरिटीची पिकअप आडवी आली.

"मुखवटा काढ," गार्ड ओरडला. "इथे चालत नाही हे. काढ, नाहीतर पोलिसांना फोन करतो."

पोलीस म्हणजे गुरुनाथचाही व्हिसा पणाला. तो हलला नाही. बोलला नाही.

"आणि तो मागचा? त्यालाही सांग."

मागचा?

गुरुनाथ एकटाच आला होता.

त्याने वळून पाहिलं... तसाच झगा. तशीच टोपी. पावलांचा आवाज नाही.

तो जवळ आला... पुढे गेला. दोर वर उचलला.

पिकअपच्या उजव्या दिव्यावर एकच फटका. काच खळ्कन फुटली.

गार्डने गाडी मागे घेतली आणि सुसाट पळाला. रस्ता मोकळा. गुरुनाथ पुन्हा एकटा.

तरी तो मागे फिरला नाही. दार गाठलं. बेल वाजवली.

वहिनींनी दार उघडलं. "भावजी, आत्ताच तर उभे राहून गेलात ना? परत कशाला?"

गुरुनाथने वळून रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं...

कुणीतरी दिवा फोडला, अशी गार्डने तक्रार केली. पोलिसांनी पिकअप तपासली. डावा दिवा जुना, पिवळा पडलेला. फुटलेला उजवा मात्र नवाकोरा होता, जानेवारीत बसवलेला.

तो जानेवारीत का बदलावा लागला, याचं उत्तर सोसायटीने आजवर दिलेलं नाही.