तोफेच्या तोंडी इनास गोलंदाज

तीन अंगांनी समुद्र आणि चौथ्या अंगाने चिखल, अशा चोख बंदोबस्तात उभ्या असलेल्या खडपगडावर पहाट फुटली, तेव्हा फिरंग्यांची गलबते कालच्याच जागी नांगरलेली होती, तटावरची निशाणे वाऱ्याअभावी लोंबत होती, आणि दर्याबुरुजावर किल्लेदार मानकोजीराव ढमाले यांच्यासमोर गडावर उरलेला एकमेव गोलंदाज इनास हात बांधलेल्या अवस्थेत उभा होता. सूर्य उगवताच त्याला तोफेच्या तोंडी द्यायचे होते.

आरोप साधा होता. परवा कोणीतरी दारूखान्यात पाणी ओतले आणि गडावरच्या साऱ्या दारूचा लगदा झाला. हा हरामखोर कोण, हे दारूखान्याचा हवालदार तुबाजी खराडे याने दुपारच्या जेवणाआधीच शोधून काढले. इनास ख्रिस्ती, वेढा घालणारेही ख्रिस्ती. शिवाय रोज संध्याकाळी तो गलबतांकडे तोंड करून गुडघे टेकी आणि कपाळ, छाती, एक खांदा, दुसरा खांदा असा हात लावी.

"चार जागा, सरकार! चार बुरूज दाखवतो गनिमाला!" तुबाजी गरजला होता.

गडाला बुरूज तीनच होते. परंतु आरोप इतका भारदस्त होता की ते मोजायला कोणी उठले नाही.

इनासने एकदाच 'नाही' म्हटले. पटकीच्या साथीत त्याची बायको फिलू आणि धाकटी लेक एकाच दिवशी गेल्या, तेव्हापासून त्याला ऊन लागत नव्हते, भाकरीची चव कळत नव्हती, आणि रडू तर आलेच नव्हते.

"शेवटचं विचारतो," मानकोजीराव म्हणाले. "इथे रोज कोणाशी बोलत होतास?"

"देवाशी, सरकार."

"काय मागत होतास?"

"आधी मागायचो. फिलू गेल्यापासून काही सुचत नाही. नुसता बसतो."

"आणि तुझा देव?"

"तोही बसतो."

मागे कोणीतरी फिसकन हसले. किल्लेदारांनी तिकडे डोळे वटारले. "मग यात मिळतं काय तुला?"

इनासने प्रामाणिकपणे विचार केला. "भीती वाटते, सरकार. आत्ताही वाटतेय. पण एकट्याला वाटत नाही. तेवढ्यावर उभं राहता येतं."

हे उत्तर मानकोजीरावांना मुळीच रुचले नाही, कारण वेढा पडल्यापासून ते एकटेच भीत होते. त्यांनी हात उचलून हुकूम दिला.

हुकूम झाला आणि अडचण समोर आली. तोफ भरणार कोण? बाकीचे गोलंदाज पटकीने नेले होते. नवख्याने भरली आणि तोफ फुटली, तर गुन्हेगाराबरोबर न्यायही उडून जाण्याचा संभव होता. तेव्हा सर्वानुमते इनासचेच हात सोडण्यात आले.

"नीट भर हो," तुबाजीने बजावले.

"कधी वाईट भरलीय का, हवालदार? दारू कुठाय?"

"एका बारापुरती निघेल माझ्याकडे!" म्हणत तुबाजी पळत गेला आणि कोरडी थैली घेऊन आला. स्वामिकार्याचा एवढा उत्साह त्याच्यात पूर्वी कोणी पाहिला नव्हता.

इनासने थैली सारली, ठासली, वर गोळा घातला.

"अरे, गोळा कशाला? तुला नुसती दारू पुरे!"

"सवय," इनास म्हणाला. मग त्याने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला आणि तोफेला पाठ देऊन तिच्या तोंडाशी आपणहून उभा राहिला. तिथून समोरचे पाणी त्याला एकट्यालाच नीट दिसत होते.

"सरकार," तो जराही आवाज न चढवता म्हणाला, "धुक्यातून होड्या येतायत. शिड्या आहेत."

"जीव वाचवायची थाप!" तुबाजी ओरडला.

"गडावर बार एकच आहे. तो माझ्यावर उडाला, तर त्यांना काय, हात दाखवायचा? आधी त्यांना उडवू. मला मागाहून फाशी द्या, दोर भरपूर आहे. फक्त मला जरा बाजूला व्हावं लागेल."

मानकोजीराव तटापाशी धावले, त्यांनी खाली पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "हो बाजूला," ते पुटपुटले.

इनासने तोफेचे तोंड खाली झुकवले, बत्ती दिली. शिड्यांची सर्वांत पुढची होडी माणसांसकट फुटली. मागच्या होड्यांनी गडावर दारू मुबलक असल्याचा समज करून घेतला आणि त्या माघारी वळल्या. बुरुजावर आरोळ्या उठल्या. इनास ओरडला नाही. पाण्यात हातपाय मारणाऱ्यांकडे पाहून त्याने पुन्हा कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केली.

आरोळ्या ओसरल्यावर मानकोजीराव सावकाश वळले.

"तुबाजी, ही एवढी दारू कोरडी कशी राहिली?"

हा प्रश्न इतका वेळ कोणालाच सुचला नव्हता, तुबाजीलासुद्धा. झडतीत त्याच्या बाजेखाली आणखी कोरड्या थैल्या निघाल्या. दारू भिजवून, गोलंदाज संपवून गड फिरंग्यांच्या हवाली करण्याचा त्याचा बेत त्याच्याच स्वामिनिष्ठ हौसेने बुडवला होता. त्याला बेड्या पडल्या. त्याच थैल्यांच्या जोरावर गड तगला आणि पुढच्या उधाणाला कुमक पोहोचली.

वेढा उठला त्या संध्याकाळी मानकोजीराव सोन्याचे कडे घेऊन दर्याबुरुजावर आले. माफी कशी मागतात, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. त्यांना पाहून गुडघे टेकलेला इनास उठला.

"सरकार, ते फाशीचं राहिलं होतं."

किल्लेदारांनी कडे तोफेच्या गाड्यावर ठेवले आणि पागोटे उतरवले.

"इनास, मी तुझ्या देवाचा नाही. बसलं तर चालेल?"

"जागा आहे, सरकार."

दोघे समुद्राकडे तोंड करून बसले. बऱ्याच वेळाने इनासचे खांदे हलू लागले. आधी थोडे, मग आवरेनात. मानकोजीरावांनी तिकडे पाहिले नाही. ते फक्त थोडे जवळ सरकले.