तळ्यावरचा पांढरा ठिपका

माझी ताई भर दुपारी, तळ्याच्या मधोमध, नावेत बसल्या बसल्या नाहीशी झाली.

असं काही झालेलं नाही.

मला ताई नाही. कधीच नव्हती. आईला विचारा, शेजाऱ्यांना विचारा, आमच्या साहेबांना विचारा. सगळे एकच सांगतील, आणि इतक्या प्रेमानं सांगतील की तुम्हालाही वाटेल, या पोराला उन्हात फिरू देऊ नका.

तरीही ही घटना खरी आहे. शपथ घेऊन सांगतो. कोणाची घेऊ एवढाच प्रश्न आहे. आधी ताईची घ्यायचो.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते, वीज जावी लागते, कुत्रं रडावं लागतं. माझ्याकडे यातलं काहीच नाही. उन्हाळ्यातली दुपार होती. वीज होती. कुत्रं जिन्याखाली झोपलं होतं.

जागा म्हणजे आमचं हवामान केंद्र. दुसरा मजला, गच्चीवर उपग्रहाच्या मागे मान वळवणारी मोठी तबकडी, खाली खोलीत दोन संगणक आणि दोन खुर्च्या. डगमगणारी खुर्ची माझी. चांगली ताईची, कारण ती मला सीनिअर होती. घरातही आणि इथंही. सुटका नव्हती.

काम सोपं होतं. दुपारी उपग्रह डोक्यावरून जातो आणि जमिनीचं चित्र पाठवतो. चित्र एकदम येत नाही. वरून खाली एकेक ओळ उतरत येतं, गुडघे दुखणाऱ्या माणसानं जिना उतरावा तसं. गरम जमीन काळी दिसते, गार ढग पांढरे.

पण उपग्रहाला अंश-बिंश कळत नाहीत. तो नुसते कच्चे आकडे फेकतो. त्यांचं तापमान करायचं तर खाली एका तरी जागेचं खरं तापमान माहीत हवं. आमची जागा म्हणजे गावाबाहेरचं तळं. उपग्रह यायच्या वेळी ताई नाव घेऊन मध्यावर जायची, पाण्यात थर्मामीटर सोडायची आणि मला फोनवर आकडा सांगायची. मी तो सॉफ्टवेअरला सांगायचो. सॉफ्टवेअर शहाणं व्हायचं.

मग चित्र साहेबांकडे.

साहेबांना आम्ही इस्त्री म्हणायचो. चित्रात एक सुरकुती त्यांना खपत नसे. कुठे एखादा ठिपका बिघडलेला दिसला की ते तो निवडायचे आणि ‘दुरुस्ती’चं बटण दाबायचे. सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतं आणि तीच तिथं भरतं. बिघडलेला ठिपका होता हे पुन्हा कोणाला कळतसुद्धा नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा.

त्या आठवड्यात चित्रात एक ठिपका यायला लागला... पांढरा. आभाळ निरभ्र, जमीन तव्यासारखी, आणि मधेच एकच ठिपका उणे ऐंशी अंशांवर.

“ढग असेल,” मी म्हणालो.

“एवढासा? ढगाचं पिल्लू आहे का बारक्या?” ताई म्हणाली. “आणि सेन्सर बिघडला असता तर तो रोज एकाच रकान्यात दिसला असता. हा चालतोय.”

“कुठे?”

“काल टेकडीवर होता. आज अलीकडे आलाय.”

इस्त्रींनी टेकडीवरचा ठिपका केव्हाच दुरुस्त केला होता.

ताई खिडकीशी गेली. बराच वेळ टेकडीकडे बघत राहिली.

“टेकडीवर टॉवर होता ना रे?”

“कसला टॉवर?”

“मोबाइलचा. लाल-पांढरा. वर कावळे बसायचे.”

मी टेकडी बघितली. बोडकी. मला टॉवर अजिबात आठवेना. आदल्या दिवशी ते कच्चं चित्र ताईनं एकटीनं पाहिलं होतं. मी डबा खात होतो.

“ताई, तुला सुट्टीची गरज आहे,” मी म्हणालो. “किंवा मला. म्हणजे कोणालातरी.”

ती हसली नाही.

“तो ठिपका उद्या तळ्यावर येतो,” ती म्हणाली. “तिथं काय असतं ते मी बघते. मी परत येईपर्यंत इस्त्रींना बटणाला हात लावू देऊ नकोस. एवढं एक काम कर. आयुष्यात एकदा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र उतरायला लागलं. फोन कानाला होता. पलीकडून वल्ह्याचा आवाज येत होता... छप... छप...

“पाणी सत्तावीस,” ताई म्हणाली. “लिही.”

“लिहिलं.”

“टिटव्या गप्प झाल्यात.”

“जेवायला गेल्या असतील.”

छप... छप...

मग वल्ह्याचा आवाज थांबला.

“ताई, वल्हव ना.”

“मी वल्हवतेच आहे रे.” तिचा आवाज बारीक झाला होता. “वल्हं खालून... कोणीतरी धरलंय.”

स्क्रीनवर ओळ उतरली. तळ्याचा काठ दिसला. पुढची ओळ. पाणी. पुढची...

तळ्याच्या मधोमध पांढरा ठिपका.

“खूप गार लागतंय,” ताई म्हणाली. तिचे दात वाजत होते. “थर्मामीटर सत्तावीसच म्हणतोय. बारक्या, हे वर ओढतंय नाव, खाली नाही... वर...”

दार उघडलं. इस्त्री आत आले. त्यांनी स्क्रीन बघितली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्या माणसाच्या अंगावरची तेवढी एकच सुरकुती.

“डाग पडलाय,” ते म्हणाले.

“साहेब, थांबा. तिथं ताई आहे.”

“तिथं पाणी आहे. चारी बाजूंनी पाणी आहे. मधेही पाणीच असणार.”

“साहेब, दोन मिनिटं!”

मी त्यांचा हात धरला. खरंच धरला. नोकरीत पहिल्यांदा मी काहीतरी घट्ट धरलं होतं. पण माणसाला दोन हात असतात.

त्यांनी दुसऱ्यानं बटण दाबलं.

ठिपका गेला.

ताई काहीतरी बोलत होती. तिचा आवाज तुटला नाही... पसरला. साखर पाण्यात जाते तसा. शेवटी नुसतं पाणी ऐकू येत राहिलं. चुळुक... चुळुक... सगळीकडे सारखंच.

फोन चालू होता. वर कोणाचंही नाव नव्हतं.

“कोणाशी बोलताय?” इस्त्रींनी विचारलं.

“ताईशी.”

“कोणाच्या?”

त्यांनी खरंच विचारलं. चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. बटण दाबणाराही बहुतेक सोबत दुरुस्त होतो. मी बाजूला बघितलं. खोलीत एकच खुर्ची होती. ती डगमगत होती, पण थोडीच.

तळ्यावर धावत गेलो. नाव नव्हती. नाव बांधायचा खुंटाही नव्हता. तळं मात्र जिथल्या तिथं. आजूबाजूला सगळं पाणीच, त्यामुळे सरासरीही पाणीच आली.

घरी आलो. ताईची खोली गुलाबी होती. त्या गुलाबीवरून आम्ही तिला लहानपणापासून छळलं होतं. एका बाजूला आमचा निळा हॉल, दुसऱ्या बाजूला पिवळं स्वयंपाकघर.

खोली आता फिकट हिरवी होती.

“आई, ताई कुठे आहे?”

“कोण ताई?” आई म्हणाली. “ऊन लागलं का रे तुला?”

मी भिंतीवरचा फोटो दाखवला. आईच्या आणि माझ्या मधे ताई उभी असायची. आता तिथं एक चेहरा होता. नाक आईचं, कान माझे.

“हा कोण?”

“तूच. हललास फोटो काढताना,” आई म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

पुढच्या दुपारी ठिपका पुन्हा आला.

तळ्याच्या रस्त्यावर.

इस्त्रींनी दुरुस्त केला. तो परत आला, थोडा अलीकडे. मग पेट्रोल पंपावर, जिथं ताई स्कूटरमध्ये हवा भरायची. मग गावात, बँकेच्या वळणावर. तो तिच्याच रस्त्यानं येत होता. ती येत होती, की तिला वर ओढणारं ते तिचा रस्ता शिकून येत होतं... मला माहीत नाही. उणे ऐंशीला तोंड नसतं.

काल मी तापानं घरी होतो. अंगावर चादर, बाहेर रणरणतं ऊन.

दुपारी आई स्वेटर घालून खोलीत आली.

“केवढं गारठलंय रे अचानक,” ती म्हणाली.

बाहेरचा रिक्षांचा आवाज बंद झाला. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

आणि दारावर...

टक... टक.

ताईची दार वाजवायची एक पद्धत होती. दोनदा टकटक आणि मग एक लाथ. आख्ख्या इमारतीत तसं दुसरं कोणी वाजवत नाही. मी उठून बसलो. लाथेची वाट बघायला लागलो. लाथ बसली तर उघडायचं, असं मी ठरवलं.

“उघडू नकोस,” आई माझा दंड धरून म्हणाली. तिची बोटं बर्फासारखी होती. “आपल्याकडे असं कोणी वाजवत नाही.”

मी वाट बघितली.

लाथ आलीच नाही.

पंख्याचा आवाज परत आला. रिक्षा ओरडायला लागल्या. मी केंद्रावर फोन लावला.

“हो, केला दुरुस्त,” इस्त्री खुशीत म्हणाले. “आज तुमच्याच गल्लीवर डाग होता. तुम्ही आराम करा.”

दार उघडून पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं. आमचं दार आता शेजारच्या दोन्ही दारांसारखं तपकिरी होतं. दाराच्या खाली, लाथ बसायची तिथला जुना पोचा नाहीसा झाला होता.

तेव्हापासून मी एकच विचार करतोय. त्या ठिपक्याच्या चौकोनात आम्हीही राहतो. मग आमच्या घरातून काय गेलं? कालचं कच्चं चित्र मी पाहिलेलं नाही, म्हणजे गेलेलं मला आठवणारही नाही.

आज सकाळी टीव्हीजवळ एक चष्मा सापडला. जाड काचांचा. आई चष्मा लावत नाही. मीही नाही. बेसिनवर दाढीचा ब्रश दिसला, आणि मला दाढी नीट येत नाही. आईनं दोघांसाठी चहा केला आणि न बघता तिसरा कप भरला.

“हा कोणाचा?” मी विचारलं.

आईनं कप उचलला आणि परत ठेवला.

“बाबा...” ती म्हणाली आणि थांबली. “काय म्हणत होते मी?”

मला तो शब्द ओळखीचा वाटला. पण कोणाचा, ते काही केल्या आठवेना.

थोड्या वेळानं उपग्रह येईल. मी खाली दिलेला अर्ज इस्त्रींच्या टेबलावर ठेवला आहे. त्यांनी तो घडी मोडू नये म्हणून काचेखाली सरकवलाय. वाचलेला नाही.

विषय: ठिपका दुरुस्तीस तात्पुरती स्थगिती मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आमच्या गल्लीवर दिसणारा डाग ही आमच्या घरातील व्यक्ती असण्याची शक्यता विचारात घ्यावी. सबब, आजच्या चित्रात सदर डाग आढळल्यास, अर्जदाराच्या दारावर किमान एक लाथ बसेपर्यंत कोणतेही बटण दाबण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.